नागपुरात लाकडी पेटीचे झाकण घट्ट बसवताना घ्यावयाची काळजी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना लाकूड इतके कोरडे होते की, त्या दिवसांत अगदी चपखल बसवलेले झाकण जुलैच्या दमट हवेत हमखास अडकते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. ते फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने, आणि १५ सेंटिमीटर रुंद सागवानी फळीत हा फरक एक मिलिमीटरपेक्षाही जास्त होऊ शकतो. म्हणून झाकणाची अखंड फळी चारही कडांनी चिकटवू नये. ती खाचेत मोकळी ठेवावी किंवा तेथे प्लायवूड वापरावे, म्हणजे कोपऱ्यांचे जोड उघडत नाहीत.

माझ्या मते उत्तम पद्धत अशी की, पेटी आधी (वर अखंड फळी असल्यास ती खाचेत मोकळीच ठेवून) सर्व बाजूंनी बंद करून चिकटवावी आणि डिंक पूर्ण वाळल्यावर वरचा भाग बारीक दातांच्या करवतीने कापून झाकण वेगळे करावे, ज्यामुळे लाकडाच्या रेषा पेटीवरून झाकणावर अखंड वाहताना दिसतात. ही जुळणी हेच अशा पेटीचे खरे सौंदर्य आहे. कापलेल्या कडा सपाट फरशीवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासाव्यात. त्यानंतर पेटीच्या आत सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कडेच्या तेवढ्याच वर येतील अशा बसवाव्यात आणि त्यांचा वरचा बाहेरील काठ किंचित उतरता करावा. उन्हाळ्यात काम केल्यास या पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये जाड कागदाएवढी फट जरूर ठेवावी. पॉलिश आतूनबाहेरून सारखेच द्यावे, अन्यथा फळी वाकते.