पैसे गेले गुरुवारी, घरात कळले सोमवारी: ऑनलाइन फसवणुकीतील या चुका टाळा

माझ्या मामांना एका गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की, मागील महिन्याच्या वीजबिलाची नोंद झालेली नसल्यामुळे रात्री साडेनऊ वाजता घराचा पुरवठा खंडित करण्यात येईल, तरी पुढील क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. बिल भरलेले होते, पावतीही फाइलला लावलेली होती. परंतु मामींना रात्री नेब्युलायझर (श्वासावाटे औषध देणारे विजेवरचे यंत्र) लागत असल्याने मामांनी पावती पाहण्याआधी फोन केला. पलीकडच्या माणसाने अतिशय आर्जवी भाषेत एक ॲप घ्यायला लावले, नोंद दुरुस्त करण्यासाठी दहा रुपये भरायला लावले आणि वीस मिनिटांत खात्यातून १८ हजार रुपये गेले. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या मामांनी ही गोष्ट घरात सांगितली ती सोमवारी, तीही पासबुक मुलाच्या हाती लागल्यानंतर.

त्या १८ हजारांपेक्षा मधले चार दिवस मला अधिक महागात पडलेले वाटतात. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे आणि तरीही माणसे फसतात, कारण फसवणारा ओटीपीपासून सुरुवात करत नाही. तो आधी माणसाला एकटे पाडतो: कधी घाई लावून, कधी भीती घालून, कधी लाज वाटेल अशा प्रसंगात अडकवून. पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे, त्यांतील बहुतेक या एकटेपणात घडतात.

पैसे घेण्यासाठी पिन टाकणे

ही चूक सर्वांत जुनी आणि टाळण्यास सर्वांत सोपी आहे. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. जुने कपाट विकण्याची जाहिरात दिल्यावर ‘आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा’ असे सांगणारा गिऱ्हाईक नसतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, त्यामुळे या प्रकारचा एक दरवाजा मिटला. कोड पाठवण्याचा दरवाजा मात्र उघडाच आहे.

शोधून काढलेला ‘कस्टमर केअर’ आणि आलेली फाइल

कुरिअर अडकले, तिकिटाचे पैसे परत आले नाहीत, गॅसची नोंदणी होत नाही, की आपण गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ असे टाइप करतो आणि जो क्रमांक सर्वांत वर दिसेल तो लावतो. तो क्रमांक जाहिरात देऊन वर आणलेला असू शकतो किंवा नकाशावरील नोंदीत कोणीतरी घुसवलेला असू शकतो. क्रमांक नेहमी बिलावरून, कार्डाच्या मागच्या बाजूवरून, पासबुकावरून अथवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून घ्यावा. बँकांच्या बाबतीत आता एक चांगली खूण उपलब्ध झाली आहे: रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, म्हणून बँकेच्या नावाने आलेल्या दुव्यातील संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट वेगळा असेल तर तो उघडण्याचे कारणच उरत नाही.

फोनवरील माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप घ्यायला सांगू लागला, तर ते संभाषण तिथेच थांबवावे. ही ॲप मुळात वाईट नाहीत, दूरच्या संगणकाची दुरुस्ती करण्यासाठीच ती बनवलेली आहेत. परंतु त्यांतून आपला पडदा समोरच्याला दिसतो, म्हणजे आलेला ओटीपी तोंडाने न सांगताही त्याच्या नजरेस पडतो. रिझर्व्ह बँकेने याबाबत फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. मामांनी पोलिसांना ‘मी ओटीपी सांगितला नाही’ असे जे शपथेवर सांगितले, ते अक्षरशः खरे होते.

याहून अलीकडचा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी फाइल. नाव लग्नपत्रिकेचे असते, वाहतूक दंडाच्या चलनाचे असते किंवा एखाद्या सरकारी योजनेच्या यादीचे असते, आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरे असतात. पत्रिका पीडीएफमध्ये येते, छायाचित्रात येते. एपीके हे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचे ॲप असते. ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो आणि त्यानंतर बँकेचे संदेश आपल्याबरोबर इतरांकडेही जाऊ लागतात.

अशी फाइल उघडली गेलीच असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी ॲप शोधून काढून टाकण्यात अर्धा तास घालवतात आणि तेवढ्यात खाते रिकामे होते. प्रथम फोन विमान मोडवर टाकावा आणि वायफाय बंद असल्याची खात्री करावी. नंतर घरातील दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय थांबवावे, आणि त्याच दुसऱ्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलावा. ॲप काढण्याचे काम त्यानंतरचे. ते हटत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिलेला डिव्हाइस ॲडमिनचा (फोनवर ताबा ठेवण्याचा) अधिकार आधी काढावा लागतो, आणि तरीही जमले नाही तर छायाचित्रांची प्रत घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा. शेवटचे काम सर्वांना नकोसे वाटते: तीच फाइल आपल्या नावाने नातेवाइकांना गेलेली असू शकते, म्हणून कुटुंबाच्या गटात ‘माझा फोन बिघडला आहे, माझ्याकडून आलेले काही उघडू नका’ असे कळवणे. संकोचापायी हे कळवले नाही की, दोन दिवसांनी आत्याबाईंचा फोनही त्याच वाटेने जातो.

‘ही बाब गोपनीय आहे, कोणाला सांगू नका’

तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमचे आधार वापरून काळा पैसा फिरवला गेला आहे, असे सांगून गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येतो. मागे बोधचिन्ह असते, हातात शिक्क्याचे कागद असतात. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरच्यांना काही सांगायचे नाही आणि ‘तपासणीसाठी’ सर्व ठेवी एका खात्यात वळत्या करायच्या, असा हुकूम सुटतो. याला ‘डिजिटल अटक’ हे नाव पडले आहे. कायद्यात अशी कोणतीही व्यवस्था नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये सांगितल्यानंतरही सुशिक्षित, निवृत्त, एकेकाळी कार्यालये चालवलेली माणसे यात अडकत राहिली. मला त्याचे नवल वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखला, त्यांच्याच त्या सवयीवर हा डाव रचलेला आहे.

येथे कायद्यातील एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना आवर्जून समजावून सांगावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटक करणाऱ्या पोलिसाने ती माहिती अटक झालेल्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला देणे बंधनकारक आहे. म्हणजे खरा पोलीस घरच्यांना कळवायला बांधलेला असतो आणि तोतया घरच्यांपासून लपवायला सांगतो. एवढा फरक लक्षात राहिला तरी कॉल तोडण्याचे बळ येते. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्यासाठी काढायची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

घरातील कोणी खोलीचे दार लावून तासन्‌तास कॉलवर दिसले, जेवायला उठेना, विचारले तर ‘कामाचे आहे’ म्हणू लागले, तर बाहेरून आरडाओरडा करू नये. आत जाऊन शेजारी बसावे, कॅमेऱ्यात स्वतः दिसावे आणि फोन बंद करावा. बँकेत मुदतठेव मोडताना समोरच्या कर्मचाऱ्याने ‘एवढी रक्कम अचानक कशासाठी?’ असे विचारले, तर तो आगाऊपणा समजून चिडू नये. त्या क्षणी कदाचित तोच एक माणूस आपल्या आणि चोराच्या मध्ये उभा असतो.

कबुलीची शिक्षा म्हणून फोन काढून घेणे

ही चूक मुलांची नसून पालकांची आहे. अनोळखी मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते, दोन दिवस गप्पा होतात, व्हिडिओ कॉल येतो, आणि त्याचे चित्रीकरण दाखवून ‘तुझ्या सर्व नातेवाइकांना पाठवतो’ अशी धमकी सुरू होते. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत तो मित्रांकडून उसने घेऊन पैसे देतो, आणि पैसे दिल्यामुळे मागणी थांबत नाही, वाढते. त्याने घरात का सांगितले नाही, याचे उत्तर अनेकदा दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रसंगात असते: गेममध्ये दोनशे रुपये गेल्याचे त्याने आपण होऊन सांगितले होते आणि त्याचा फोन महिनाभर कपाटात बंद झाला होता.

अशा वेळी पैसे देऊ नयेत, धमकावणाऱ्याचे खाते ब्लॉक करण्याआधी धमक्यांचे, क्रमांकांचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि तक्रार करावी. चित्र पसरण्याची भीती असेल तर प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवा आहेत. त्यांत छायाचित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशावरून चित्र ओळखून काढून टाकू शकतात.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. तिचे कौतुक मुलांच्या अभ्यासासाठी झाले. मला तिची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते: ज्या घरात रोज काही वेळ फोन बाजूला ठेवून बोलणे होते, तिथे ‘आज मला एक विचित्र फोन आला होता’ हे वाक्य सहज बाहेर पडते.

गेल्यानंतरच्या चुका

पैसे गेले की माणूस आधी त्याच भामट्याला पुन्हा फोन करतो, नंतर शाखा उघडण्याची वाट पाहतो, आणि मधल्या काळात रागाने किंवा लाजेने सगळे संदेश पुसून टाकतो. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावावा. तिथे नोंद होताच ती रक्कम ज्या बँकेत गेली त्या बँकेपर्यंत सूचना जाते. पैसे खात्यात असतील तर ते रोखले जातात, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. चोर रक्कम तुकडे करून खात्यांमागून खात्यांत फिरवतात, त्यामुळे ही शर्यत तासांची असते. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरावी आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी.

बँकेकडून भरपाई मिळण्याबाबत गैरसमज फार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे की, ग्राहकाची आणि बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे व्यवहार झाला आणि ग्राहकाने तो तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार पडत नाही. कामकाजाचे चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार पडतो. सहकारी बँकांसाठीही डिसेंबर २०१७ मध्ये अशाच सूचना निघाल्या. स्वतः पिन टाकला असेल किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच मानले जाते. मात्र कळवल्यानंतर झालेल्या व्यवहारांची जबाबदारी बँकेवर येते. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्याचा फायदा असतोच. पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, हे शांतपणे निदर्शनास आणावे.

महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एक फोन येतो: तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी थोडे शुल्क भरा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, आणि गेलेले परत मिळवण्याच्या ओढीने माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. मामांनाही तो फोन आला. या वेळी त्यांनी कॉल चालू असतानाच सुनेला हाक मारली.

त्यांच्या तक्रारीवर दुसऱ्या एका बँकेच्या खात्यात २,१०० रुपये सापडले आणि ते गोठवले गेले. बाकीची रक्कम गुरुवारी रात्रीच दोन एटीएममधून काढली गेली होती.