व्हीलचेअरची लोकल रंगमंचावर कशी चालवावी

ग्रँट रोडच्या चाळीतला, पायाने अधू तरुण व्हीलचेअरची लोकल करून रोज चर्चगेटला 'जातो'. शेजारी खेळात सामील होतात आणि पाठ वळली की कुजबुजतात. अशी विनोदी एकांकिका बसवायची असेल, तर पहिल्या वाचनालाच प्रत्येक हशाच्या जागी पेन्सिलीने लिहा : हसणं कुणावर? उत्तर 'पायावर' आलं तर वाक्य काटा. शेजाऱ्यांच्या बाता, त्यांचा चिक्कूपणा, पोराचा बेरकीपणा यांवर खुशाल हसवा. पोराला बिचारा मात्र करू नका. दुसऱ्याला खड्ड्यात घालणारी एखादी थाप त्याच्याही तोंडी हवीच.

व्हीलचेअर तालमीच्या पहिल्या दिवसापासून आणा. साध्या खुर्चीवर बसवलेल्या हालचाली नंतर कोलमडतात, कारण व्हीलचेअरला वळायला ५ फूट मोकळी जागा लागते आणि दार ३ फुटांचं. उतार १:१२ ठेवा, म्हणजे ६ इंचांच्या लेव्हलला (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याला) ६ फुटांचा रॅम्प. नेपथ्यकार कुरकुरेल, पण उतार तीव्र झाला की नट चढताना मागे कलंडतो. दोन लेव्हलमधल्या फटीत पुढची छोटी चाकं अडकतात; वर प्लाय ठोका. थांबल्यावर ब्रेक लावणं संवादासारखंच पाठ व्हायला हवं. चाकं करकरली तर हळू वाक्यं ऐकूच येत नाहीत, तेल घाला.

व्हीलचेअर वापरणारा नट मिळाला तर उत्तमच; मात्र तारीख घेण्याआधी नाट्यगृहातली मेकअप रूम, स्वच्छतागृह आणि विंगेपर्यंतच्या पायऱ्या बघून या. व्हीलचेअर न वापरणारा नट असेल तर कुठला पाय आणि कुठल्या सांध्यापासून अधू, हे आधीच ठरवा. घाईच्या प्रवेशात पाय बदलतो आणि पहिल्या रांगेला ते दिसतंच.

लोकलच्या प्रवेशात क्रम चुकवू नका. आधी नट एकटा डुलतो, मग शेजारी डबे-पातेली वाजवतात, प्रकाश सगळ्यात शेवटी बदलतो. सुरुवातीलाच निळा स्पॉट आणि रेकॉर्ड केलेला खडखडाट आला, की कल्पना पोराची न राहता ऑपरेटरची होते. स्टेशनं बरोबर घ्या : चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट. एखादं गाळलंत तर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडणार.

खेळ मोडायला खालून एकच हाक पुरे : "पाणी आलं!" सगळे बादल्या घेऊन पळतात. प्रकाश हळूहळू बदलू (फेड करू) नका, एका झटक्यात साधा करा. हसू अजून चालूच असेल. ते आपोआप विरेपर्यंत नटाने फक्त ब्रेक सोडायचा. पुढचं वाक्य त्यानंतर.