आतून कापलेली जाळी : ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये फाउंड फुटेज भयपट कसा करायचा

१ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री उत्तर उरल पर्वतात, खोलात स्याखल डोंगराच्या उतारावर नऊ जणांनी तंबू ठोकला. सात पुरुष, दोन बायका, सगळे मुरलेले ट्रेकर. म्होरक्या इगोर द्यात्लोव्ह २३ वर्षांचा. २६ तारखेला शोधपथक पोचलं तेव्हा बूट, जाड कपडे, खाणं, बहुतेक सगळं तंबूतच होतं आणि कापड आतून कापलेलं होतं. हे आतूनच कापलंय हे तपासात कसं ठरलं, तर कापडाच्या आतल्या बाजूला सुरीचे बारीक ओरखडे मिळाले. पावलांचे ठसे उताराने खाली जंगलाकडे गेले होते. सुमारे दीड किलोमीटरवर एका मोठ्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि दोन मृतदेह, अंगावर फक्त आतले कपडे. शेवटचे चौघे मे महिन्यात घळीतल्या बर्फाखाली सापडले. त्याच वर्षी तपास 'माणसाला आवरता न येणारी नैसर्गिक शक्ती' अशा अर्थाच्या शेऱ्यावर बंद झाला. २०२० मध्ये रशियन सरकारी वकिलांनी कारण हिमस्खलन असल्याचं जाहीर केलं, २०२१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी त्याचं गणिती प्रारूपही मांडलं, पण वाद अजून मिटलेला नाही.

त्या नऊ जणांचे कॅमेरे आणि डायऱ्याही मिळाल्या. फाउंड फुटेज, म्हणजे पात्रांनीच केलेलं शूटिंग नंतर कुणाला तरी सापडल्यासारखा सिनेमा, करू पाहणाऱ्यांना हे प्रकरण खुणावतं ते म्हणूनच. आणि पहिली चूकही इथेच होते, नावं बदलून तीच गोष्ट ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेली जाते. तसं करू नका. ती माणसं खरी होती, त्यांचे नातेवाईक आहेत, आणि त्या घटनेतलं बर्फ, थंडी, उतार काढून घेतलं तर काहीच उरत नाही. घ्यायचा तो फक्त प्रश्न : निवारा शाबूत असताना माणसं तो आतून कापून, बहुतेक जण बुटांशिवाय, का निघून गेली?

आता हा प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये आणा. चौदाव्या मजल्यावरचा टू बीएचके, भाड्याने राहणारे चार मित्र. सकाळी दार आतून बंद. बाहेर शू-रॅकवर चार जोड चपला-बूट. कुकरमध्ये भात, गॅस बंद केलेला. आणि बाल्कनीची कबुतरांची जाळी आतून कापलेली. आपल्याकडे ही नायलॉनची जाळी घरोघरी आहे, त्यामुळे तिला पडलेलं भोक बघून काय वाटतं हे ठाण्याच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

लिहायला बसण्याआधी अर्ध्या पानात खरं उत्तर लिहून काढा. त्या रात्री नेमकं काय घडलं, किती वाजता, कोण आधी, कोण नंतर. हे पान प्रेक्षकाला कधीच दाखवायचं नाही, पण तुमच्याकडे ते हवंच. उत्तर न ठरवता केलेली गूढकथा लगेच कळते, कारण तिचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. द्यात्लोव्ह प्रकरण माणसाला सोडत नाही कारण त्यातली प्रत्येक वस्तू खरोखर कुणीतरी वापरलेली, टाकलेली, कापलेली आहे. पुरावे पाचच ठेवा. सहावा आला की पटकथा तपासकथा व्हायला लागते.

कॅमेरा तिथे का आहे

या प्रकारात सगळं याच प्रश्नावर उभं आहे. प्रत्येक शॉटसाठी कागदावर दोन ओळी लिहा : हे कोण शूट करतंय, आणि अजून बंद का केलं नाही. दुसऱ्या ओळीत 'कारण सिनेमा चालू आहे' याखेरीज काही सुचत नसेल तर तो शॉट काढून टाका. ड्रोन याच कसोटीवर पहिल्या फेरीत बाद होतो.

आपल्या फ्लॅटमध्ये तीन कॅमेरे सहज पटतात : हॉलमधला वायफाय कॅमेरा (मालकाने नाही, मुलांनीच कामवाल्या मावशींच्या वेळेसाठी लावलेला), एकाचा फोन, आणि पार्किंगमधल्या गाडीचा डॅशकॅम. वायफाय कॅमेरा खराच वापरा, फोनवर शूट करून वर फिल्टर चढवू नका. त्याच्या खोडी फुकटात मिळणारी भीती आहेत. अंधार झाला की तो इन्फ्रारेडवर (डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर) जातो आणि आतली काचेची पट्टी सरकते तेव्हा 'टक्' असा आवाज येतो. मध्यरात्री रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज आला, चित्र अचानक रंगीत झालं आणि दोन सेकंदांनी पुन्हा 'टक्' होऊन काळंपांढरं झालं, म्हणजे मधल्या दोन सेकंदांत घरात कुठेतरी उजेड पडला होता. कुठून, ते दाखवायचं नाही. हा एक शॉट नीट जमला तर आणखी वेगळं भूत दाखवायची गरज उरत नाही.

हालचालीवर चालू होणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचा सेकंद-दोन सेकंद हमखास गळतो. एका क्लिपमध्ये बेडरूमचं दार बंद, पुढच्यात उघडं, मधलं काहीच नाही. हे अंतर एडिटरने पाडलेलं नाही, यंत्राने पाडलंय, म्हणून ते पटतं. इन्फ्रारेडमध्ये एक सापळाही आहे : बरेचसे काळे कपडे त्यात राखाडी, कधी अगदी पांढरट दिसतात. काळा टी-शर्ट घातलेला मुलगा फोनच्या शॉटमध्ये काळ्यात आणि कॅमेऱ्यात पांढऱ्यात, असं झालं तर प्रेक्षक गोंधळतो. चौघांचे कपडे आधी त्या कॅमेऱ्यासमोर धरून बघा. पडद्यावरची तारीख-वेळ सेटिंगमध्ये बंद करून नंतर एडिटमध्ये टाका, कारण टेक किती वाजता घेतला जाईल याचा भरवसा नसतो. जी तारीख टाकाल तिची तिथी दिनदर्शिकेत बघून घ्या. अमावास्येच्या तारखेवर खिडकीत चंद्र दिसला तर कुणीतरी ते पकडणारच.

मध्येच लाइट गेली की राउटर बंद आणि कॅमेराही बंद. कथेत हा वळणबिंदू म्हणून वापरा. इथून पुढे फक्त एक फोन आणि त्याची १८ टक्के बॅटरी.

जागा आणि जाळी

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे. उद्यानात शूटिंगला वनविभागाची परवानगी लागते, आणि तिथे बिबट्या खरोखर आहे. रात्री चार पोरं टॉर्च घेऊन तिथे नेण्यात शहाणपणा नाही. फ्लॅटच्या गोष्टीला जंगल लागतही नाही.

आतलं सगळं शूटिंग तळमजल्यावरच्या किंवा पहिल्या मजल्यावरच्या घरात करा. चौदावा मजला फक्त कंपाउंडमधून वर बघताना दाखवा. खऱ्या उंच बाल्कनीची जाळी काढायची नाही आणि कापलेल्या जाळीजवळ कुणालाही उभं करायचं नाही, एका टेकपुरतंसुद्धा नाही. खोटी चौकट बनवा : २ × १ इंचाच्या लाकडी पट्ट्यांची, ६ फूट × ४ फूट. चारही बाजूंना सहा-सहा इंचांवर हुक मारून जाळी दोरीने ताणून बांधा. चौकट तळमजल्याच्या दारात उभी करून मागे चार फुटांवर गडद काळा पडदा लावा. पडद्यावर शहराचे दिवे म्हणून तोरण लावायचा मोह होतो, पण फोनच्या रुंद लेन्समध्ये मागचं-पुढचं सगळंच स्पष्ट येतं आणि तोरण हे तोरणच दिसतं. शहर आवाजाने आणा.

जाळी बोथट कात्रीने, वाकडीतिकडी कापा. नवीन धारदार कात्रीची सरळ रेघ कारागिराने केल्यासारखी दिसते. भोक खांदे जेमतेम जातील इतकंच, साधारण दीड फूट. कापलेली टोकं बाहेरच्या दिशेने ढकलून पारदर्शक मासेमारीच्या दोऱ्याने धरून ठेवा. कात्री मात्र आत, फरशीवर. संवादात कुणीही 'अरे, ही आतून कापली आहे' म्हणायचं नाही. कॅमेरा टोकांवरून कात्रीवर उतरतो, बस्स. तीन जाळ्या आणून ठेवा, कारण एकदा कापलेली दुसऱ्या टेकला चालत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र, जवळच्या पोलीस ठाण्यात माहितीची प्रत, आणि वर-खाली-शेजारी स्वतः जाऊन सांगणं, हे तिन्ही करा. वॉचमनकाका दोन पाळ्यांत बदलतात, दोघांनाही सांगा. किंकाळ्यांचे टेक संध्याकाळी ७ ते साडेनऊमध्ये उरकून घ्या आणि शांत प्रसंग उशिरा. हा क्रम उलटा केला की ११ वाजता दारावर काकू आणि खाली पोलिसांची गाडी.

उजेड, फोन, आवाज

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोन ऑटोवर ठेवला तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. मॅन्युअल कॅमेऱ्याचं ॲप घ्या, २५ फ्रेम, शटर १/५०, धावपळीत १/१००. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १६०० च्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे फोन चित्र पुसून गुळगुळीत करतो आणि चेहरे मेणाचे दिसतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) एकदा ठरवून लॉक. अंधारासाठी खोली पूर्ण काळी करू नका. पांढऱ्या थर्माकोलवर टॉर्च मारून आलेला परतीचा उजेड कोपऱ्यात ठेवा, म्हणजे दाराच्या कडा दिसतात आणि बाकीचं माणूस स्वतः भरतो.

हात मुद्दाम हलवायचा नाही. घाबरलेला माणूस फोन घट्ट धरतो. हलतो त्याचा श्वास आणि वळण्याचा वेग. एडिटमध्ये घातलेला थरथराट डोळ्याला लगेच खोटा लागतो, कारण चित्र हलतं पण हलताना जे पुसट व्हायला हवं ते होत नाही. फोन धरणारा हा नटच हवा, कॅमेरामन नव्हे. आणि प्रत्येक टेकआधी बंद टीव्हीची काच, फ्रिजचं दार, स्टीलच्या डब्यांची रांग बघा. सिंकमधल्या पातेल्यात अख्खं युनिट दिसतं.

चित्र वाईट असलं तर ते 'सापडलेलं' म्हणून खपतं, आवाज वाईट असला तर प्रेक्षक उठून जातो. प्रत्येक नटाच्या कपड्यात कॉलर माइक लपवा, ४८ किलोहर्ट्झवर वेगळं रेकॉर्डिंग करा, आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि फोनचा स्वतःचा आवाजही जपून ठेवा. शेवटी दोन्ही मिसळायचे असतात. नुसता कॉलर माइक मालिकेसारखा स्वच्छ वाटतो. पंखा, फ्रिज बंद करा. (फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवा.) प्रत्येक खोलीत, प्रत्येक रात्री कुणीही न बोलता ६० सेकंद खोलीचा आवाज घ्या. रातकिड्यांचा सूर तासागणिक बदलतो. साडेआठचा टेक एकच्या टेकला जोडला की कापाच्या जागी किडे उडी मारतात, आणि ती उडी चित्रातल्या कापापेक्षा जास्त टोचते. खरा चौदावा मजला रेकॉर्ड करायला कुणाच्या तरी गच्चीवर फक्त रेकॉर्डर घेऊन जा. रात्री घोडबंदर रोडवरच्या अवजड गाड्यांची घरघर वरपर्यंत येते. तीच तुमची उंची. पावसाळा, गणपती आणि दिवाळी टाळा, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

संवाद पाठ करून घेऊ नका. प्रसंगाचे चार टप्पे सांगा आणि तीन-चार मिनिटांचा अखंड टेक घ्या. 'तिथे कोण आहे?' असं घाबरलेला माणूस बोलत नाही. तो म्हणतो, 'ए... थांब ना.' १२ मिनिटांच्या फिल्मला असे आठ-नऊ टेक आणि दोन रात्री पुरतात.

शेवट आणि फाइल

फोनचा व्हिडिओ सहसा एमपी४ मध्ये साठतो आणि त्या फाइलची अनुक्रमणिका बहुतेकदा रेकॉर्डिंग थांबताना लिहिली जाते. म्हणजे फोन मध्येच फुटून बंद पडला तर फाइल साधी उघडतही नाही. तेव्हा 'फोन पडला, चित्र फाटलं, काळं झालं' हा नेहमीचा शेवट यंत्राच्या हिशोबाने चुकीचा आहे. फोन कॅमेऱ्याची बाजू खाली येईल असा पडू द्या. पडदा काळा, रेकॉर्डिंग चालू. साधारण ७० सेकंद फक्त आवाज : अनवाणी पावलं, जाळी ताणल्याचा करकर आवाज, मग गाड्यांची घरघर. शेवटी बॅटरी संपत आल्यामुळे फोन स्वतःच रेकॉर्डिंग थांबवतो, आणि फाइल शाबूत राहते. विकतचे ग्लिच इफेक्ट इथे अजिबात नकोत.

फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, त्यामुळे वेगळा आवाज हळूहळू घसरतो आणि तिसऱ्या मिनिटाला ओठ जुळत नाहीत. एडिटला बसण्याआधी सगळ्या क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या. तयार फिल्म स्वस्त फोनवर, अर्ध्या ब्राइटनेसला, इअरफोन लावून बघा. अपलोड करताना फाइल दाबून लहान केली जाते तेव्हा काळ्या भागात पट्टे पडतात, त्यासाठी हलका ग्रेन (चित्रावर बारीक दाणे) घाला आणि १४४०पी रिझोल्यूशनमध्ये काढून चढवा.

प्रसिद्धीसाठी 'बेपत्ता' पोस्टर भिंतीवर लावायचे नाहीत आणि तुकडे कापून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'खरा व्हिडिओ' म्हणून सोडायचे नाहीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसं मारली. फिल्मच्या पहिल्याच पाटीवर, निदान पाच सेकंद, मोठ्या अक्षरात : 'ही कथा काल्पनिक आहे. १९५९ च्या एका घटनेतला एक प्रश्न सोडला, तर यातलं काहीही घडलेलं नाही.'