ऐकताना या चुका टाळा

सकाळी टेकडीवर गेलो, अर्धा तास थांबलो, पण नुसता किलबिलाट ऐकू आला, वेगळं काही उमगलं नाही, असं बरेच जण सांगतात. बहुतेकांचे कान ठीकच असतात. गडबड ऐकण्याच्या सवयीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज कानावर पडताच त्याला नाव देऊन मोकळं होणं. पावशाचंच घ्या. पावसाच्या तोंडावर तो 'पेरते व्हा' म्हणतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. त्याच हाकेत हिंदी मुलखात 'पी कहाँ' ऐकू येतं, बंगालात 'चोख गेलो', आणि इंग्रजांना ऐकू आलं 'ब्रेन फीव्हर'! पुढच्या वेळी हे सगळे शब्द बाजूला ठेवून ऐका. दर हाकेगणिक सूर वर चढतो, टिपेला पोचतो आणि एकदम तुटतो. थोडी शांतता, मग पुन्हा खालून सुरुवात. ही चढण मी कितीतरी वर्षं ऐकलीच नव्हती, कारण 'पेरते व्हा' ओळखलं की माझं ऐकणं तिथंच संपायचं. पक्षी ओळखणारं अ‍ॅप असेल तर तेही आधी खिशातच राहू द्या.

कोकिळेचंही तसंच. 'कुहू' करतो तो काळा नर. ठिपकेदार मादी 'किक् किक् किक्' अशी तीक्ष्ण ओरडते. 'कोकिळा गाते' हे डोक्यात पक्कं बसलेलं असलं की तिचा खरा आवाज कानावरून निघून जातो.

आवाज येतोय पण पक्षी सापडत नाही? तांबटाच्या बाबतीत हे हमखास होतं. 'टुक् टुक्' करताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाजच जागा बदलतोय असं वाटतं. झाडाभोवती फिरू नका. एका जागी उभं राहून डोकं सावकाश वळवा. दोन्ही कानांना सारखं ऐकू आलं की तो समोर असेल किंवा पाठीमागे. मग कानांमागे तळहात धरा. आवाज ठळक झाला तर समोरच आहे.

चालता चालता ऐकू नका. पायाखालचा पाचोळा आणि विंडचीटरची सळसळ बारीक आवाज गिळून टाकतात. शिवाय पावलांच्या चाहुलीनं रातकिडे गप्प होतात. 5 मिनिटं तुम्ही हलला नाहीत, तर ते पुन्हा किरकिरू लागतात. घरी पंखा बंद करून पाहा.

आणि पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याची हाक वाजवणं कृपा करून टाळाच. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर शिरलाय. पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला धावतो.

एवढं करूनही रातकिडे नातवाला ऐकू येतात आणि तुम्हाला नाहीत? उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी कमी होतात. कानांची तपासणी करून घ्या.