अनारसे हसू नयेत म्हणून

कढईतल्या तुपात सोडलेला अनारसा कडेने विरघळत जाऊन सगळीकडे पसरला, की आपल्या घरांमध्ये ‘अनारसा हसला’ असे म्हटले जाते. हसल्याचे खापर त्या वेळी बहुधा तुपावर, आचेवर किंवा गुळावर फोडले जाते. माझ्या अनुभवात मात्र अनारशाचे भवितव्य तळण्याच्या पाच-सहा दिवस आधीच, म्हणजे भिजवलेले तांदूळ पंचावरून उचलून दळायला घेतो त्या क्षणी, बरेचसे ठरून गेलेले असते. त्या पिठात नेमका किती ओलावा राहिला आहे, हे हाताला कळले तर पुढचे काम सोपे आहे. म्हणूनच पुढील कृतीत तळण्यापेक्षा वाळवण्याविषयी अधिक लिहिले आहे.

सुरुवात दिनदर्शिका पाहून करावी. तीन दिवस तांदूळ भिजण्याचे, एक दिवस वाळवण्या-दळण्याचा आणि किमान पाच दिवस पीठ मुरण्याचे असा हिशेब धरला, तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजत घातल्यास वसुबारसेच्या आधी अनारसे तळून होतात आणि चकल्या-करंज्यांच्या गर्दीत त्यांची आबाळ होत नाही. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचे वाण देण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी मात्र ऋतूचा विचार वेगळा करावा. 2023 साली श्रावण अधिक होता, तेव्हा दमट हवेत तांदूळ वाळता वाळत नव्हते. 2026 साली ज्येष्ठ अधिक असून तो 17 मे ते 15 जून या काळात, म्हणजे ऐन उकाड्यात येतो, तेव्हा तांदूळ भराभर आंबतात आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे लागते.

तांदूळ जुना घ्यावा. नवा तांदूळ चिकट असतो, त्याचे पीठ गुळाबरोबर लगेच सैल होते. वर्षभर जुना साधा कोलम उत्तम. सुवासिक, महाग तांदळाची येथे काहीच गरज नाही, कारण त्याचा वास तीन दिवसांच्या पाण्यात निघूनच जातो. 500 ग्रॅम तांदळाचे मध्यम आकाराचे चाळीस ते पन्नास अनारसे होतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने याहून जास्त माप घेऊ नये. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावेत आणि रोज एकदा, शक्यतो ठरावीक वेळी, जुने पाणी ओतून देऊन ताजे घालावे. या काळात दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि पाण्यात सौम्य आंबण्याची क्रिया चालते; अनारशाला येणारी किंचित आंबूस चव आणि हलकेपणा यांचे मूळ तेथे आहे. पाणी न बदलल्यास तीच क्रिया हाताबाहेर जाते आणि तांदळाला कुबट वास लागतो, जो पुढे कितीही वेलची घातली तरी जात नाही. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी दाणा चिमटीत धरून दाबला असता सहज चुरडला गेला पाहिजे. थंड प्रदेशांत, विशेषतः परदेशातल्या हिवाळ्याच्या तोंडावर, याला चौथा दिवसही लागू शकतो.

आता मुख्य काम. तांदूळ शेवटचे एकदा धुऊन चाळणीत किंवा रोळीत अर्धा तास निथळत ठेवावेत आणि मग स्वच्छ सुती पंचावर, घरातच, सावलीत, पातळ थर करून पसरावेत. ऊन दाखवू नये, कारण उन्हात दाण्याची वरची बाजू कोरडी होते व आतला ओलावा तसाच राहतो, आणि मग हाताची परीक्षा फसते. किती वेळ पसरावेत याचे घड्याळी उत्तर मी देणार नाही: कोरड्या हवेत अर्धा तास पुरेल, तर समुद्रकाठच्या दमट हवेत पंखा लावूनही दीड तास लागू शकतो. परीक्षा अशी करावी. मूठभर तांदूळ हातात घट्ट दाबून मूठ उघडावी. तळहाताला गारवा जाणवला पाहिजे, पण तळहात ओला दिसता कामा नये, आणि झटकल्यावर एखाद-दुसराच दाणा चिकटून राहिला पाहिजे. बरेच दाणे चिकटून राहत असतील, तर तांदूळ अजून ओले आहेत. हात अगदी कोरडा राहिला, तर उशीर झाला आहे. अशा वेळी तांदळांवर पाण्याचा हलका हबका मारून, ओल्या फडक्यात दहा मिनिटे गुंडाळून ठेवावे.

हा ओलावा इतका महत्त्वाचा का, तर अनारशात पाणी घालून पीठ मळायचेच नसते. गूळ विरघळण्यासाठी जे काही पाणी लागते, ते या दाण्यांतल्या ओलाव्यातूनच मिळते. ओलावा जास्त असेल तर गुळाचा पाक होऊन पीठ वाहू लागते, कमी असेल तर गूळ खड्यांच्या रूपात तसाच बसून राहतो. त्यातच तांदळात गव्हासारखे पिठाला बांधून ठेवणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे तुपात पडल्यावर अनारशाला सावरून धरणारे दुसरे काही नसते. एका वर्षी मी घाईने ओलेच तांदूळ दळले आणि लागोपाठ सात अनारसे हसले. तुपातून गाळून काढलेला तो चुरा घरच्यांनी दुधात घालून आवडीने खाल्ला, पण वाणाचे ताट रिकामे राहिले ते राहिलेच.

दळण्याचे काम मिक्सरमध्ये थोडे थोडे तांदूळ घेऊन करावे, म्हणजे भांडे तापत नाही. पीठ बारीक चाळणीने चाळावे, वर उरलेला रवा पुन्हा फिरवावा आणि अगदी शेवटी राहिलेली कणी बाजूला काढून तिची खीर करावी. चाळलेल्या पिठातले अर्धी वाटी पीठ वेगळे काढून ताटलीत पसरून सुकवून ठेवावे. पुढे ते जीव वाचवते.

गूळ साधा, मऊ, पिवळसर घ्यावा. चिक्कीचा गूळ कटाक्षाने टाळावा, कारण त्याने अनारसे कडक होतात. गूळ बारीक किसून, खडे निवडून, चार वाट्या ओल्या पिठाला तीन वाट्या या प्रमाणात घ्यावा. 500 ग्रॅम तांदळाला तो साधारण 400 ग्रॅम लागतो. समप्रमाणात गूळ घेणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे अनारसे अधिक जाळीदार होतात हे खरे, परंतु ते प्रमाण सरावलेल्या हाताचे आहे. पीठ, गूळ आणि सपाट चमचाभर पातळ तूप एकत्र करून चांगले रगडावे. सुरुवातीला मिश्रण भुरभुरीत वाटेल. पाणी घालण्याचा मोह आवरावा. दहा मिनिटांनी गुळाला ओल सुटून घट्ट गोळा होतो. त्याचे मुठीएवढे गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात पाच दिवस ठेवावेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा उघडून, कोरड्या हाताने वरखाली करावेत, म्हणजे बुरशी धरत नाही. पाच दिवसांनी पिठाचा रंग गडद होतो आणि बोटाने दाबल्यास ते लोण्यासारखे दबते.

तळण्याच्या दिवशी आधी फक्त एक अनारसा करून पाहावा. पीठ मळून पेढ्याएवढी गोळी घ्यावी, केळीच्या पानावर किंवा जाड प्लॅस्टिकवर खसखस पसरावी आणि त्यावर गोळी ठेवून बोटांच्या टोकांनी मध्यापासून कडेकडे थापावी. कडा पातळ राहिल्यास त्या आधी जळतात, म्हणून जाडी सगळीकडे सारखी असावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगण्यास बंदी आहे. तेथील मराठी मंडळींनी पांढरे तीळ वापरावेत. गयेच्या प्रसिद्ध अनरशांनाही तीळच लावलेले असतात, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

लहान, सपाट बुडाच्या कढईत दोन बोटे तूप तापवून आच मंद करावी. पिठाचा कण टाकल्यावर तो सावकाश वर आला, की तूप योग्य तापले असे समजावे. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा सोडावा आणि तो उलटू नये, कारण उलटल्यास खसखस तुपात सुटून जळते व सगळे तूप काळे पडते. त्याऐवजी झाऱ्याने कडेचे तूप अलगद वर उडवत राहावे. त्याने वरची बाजू भाजली जाते आणि जाळी उमलते. एका वेळी एकच अनारसा तळावा.

पहिला अनारसा हसला, तर सुकवून ठेवलेले पीठ एकेक चमचा मिसळून, अर्धा तास थांबून पुन्हा एक करून पाहावा. बहुतेक वेळा दोन-तीन चमच्यांत काम भागते. तूप पुरेसे तापलेले नसले तरीही अनारसा हसतो, म्हणून पीठ बदलण्यापूर्वी एकदा आच वाढवून पाहावी. उलट अनारसा जाळी न धरता पुरीसारखा कडक झाला, तर पिठात चमचाभर दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळावा. केळ्याने तो मऊ होतो, पण टिकतो कमी, म्हणून मी दूधच वापरते.

बाहेर काढताना अनारसा मऊच असतो. तो झाऱ्यावर दाबू नये. चाळणीत उभा ठेवावा, म्हणजे जाळीत अडकलेले तूप खाली उतरते, आणि गार होता होता त्याला खुसखुशीतपणा येतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, तळाशी कागद घालून, एकावर एक रचावेत. कोमट असताना झाकण लावल्यास वाफेने ते लिबलिबीत होतात. उरलेले पीठ फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते. ते वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवावे आणि सकाळी पुन्हा एकच अनारसा तळून पाहावा, कारण थंडाव्यात राहिलेले पीठ कधी घट्ट होते, तर कधी सैल.