घर बघायला निघण्याआधी

जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि आधी कागदावर स्वतःचा आकडा काढा. भाडं, मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज केली की घर महिन्याला खरं कितीला पडतं ते कळतं. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर भाडं जाऊ नये असं जो तो सांगतो. हा आकडा आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमांतून. तिथे १९६९ मध्ये भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० झाली. मोठ्या शहरात नव्याने नोकरीला लागलेल्याला हे गणित जमेलच असं नाही. मी उलटीकडून मोजते. पगारातून हप्ते, घरी पाठवायचे पैसे, जेवणखाण आणि थोडी शिल्लक वजा केली की उरते ती आपली कमाल मर्यादा.

लांबचं घर स्वस्त वाटतंय? रोज जायला एक तास जास्त आणि यायला एक तास जास्त लागला, तर २२ दिवसांचे ४४ तास झाले. म्हणजे कामाचा जवळजवळ एक आठवडा रस्त्यावर गेला. तेवढे तास वाचत असतील तर थोडं जास्त भाडं मला महाग वाटत नाही.

डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, दलाली आणि टेम्पो यांचे पैसे वेगळे काढून ठेवा. सोबत एक फाइल तयार हवी: ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, फोटो आणि जमल्यास आधीच्या घरमालकाचं चार ओळींचं पत्र. परवडणारं घर फार दिवस रिकामं राहत नाही. तुम्ही कागद शोधत असता तेव्हा दुसरा कोणीतरी टोकन देऊन मोकळा होतो. मात्र घर न बघता टोकन द्यायचं नाही. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी पैसे पाठवा, असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

घर बघायला जाताना मोजपट्टी आणि फोनचा चार्जर बरोबर घ्या. चार्जर प्रत्येक प्लगला लावून बघा. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघा, प्रत्येक खोलीत फोनला रेंज येते का तेही. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर हात लावा, वास घ्या. बहुधा ओल असते. सिंकखाली वाकून झुरळांची चौकशी करा, लाज वाटली तरी. दाराची, लिफ्टची आणि जिन्याच्या वळणाची मापं घ्या, नाहीतर कपाट खालीच राहतं. आणि दोनदा जा. मी एकदा रविवारी दुपारी घर बघून भाळले होते. सोमवारी सकाळी साडेसहाला समोरच्या वर्कशॉपचं शटर उघडलं, ते पुढचे अकरा महिने उघडतच राहिलं. आधीचा भाडेकरू का गेला, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा.

भाड्यात घासाघीस होत नसेल तर दुरुस्ती मागा: गळका नळ, तुटकी जाळी, रंग. जास्त दिवस राहण्याची तयारी दाखवली की मालकही जरा नरमतो.

करारातला प्रत्येक शब्द वाचा, पण चार जागी बोट ठेवून थांबा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून काय काय कापणार? मुदतीआधी सोडलं तर काय? भाडं कधी आणि कितीने वाढणार? मोठी दुरुस्ती कोणाची? यातलं तोंडी ठरलेलं सगळं कागदावर आणा. रूममेट असेल तर दोघांचीही नावं करारात हवीत. तो मध्येच निघून गेला तर त्याच्या वाट्याचं भाडं कोण देणार, हेही आधीच बोलून घ्या. पैसे बँकेतून द्या. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतींवरचे डाग, फरशीची भेग, मीटरचं रीडिंग, सगळं. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. पहिल्या रात्रीसाठी बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, स्वतःचं कुलूप आणि स्क्रूड्रायव्हर वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी टेम्पोत चढवू नका.