सामानासकट घराचा सौदा? मूल्य काढताना सामान आधी बाजूला काढा

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जुना फ्लॅट किंवा रो-हाऊस बघायला गेलात की मालक हमखास म्हणतो, "सोफा, कूलर, फ्रिज, सगळं ठेवून जातो. ४२ लाख द्या." हा आकडा घराचा नाही, घर अधिक सामानाचा आहे. घराची किंमत ठरवायची तर दोन्ही वेगळे करावे लागतात.

आधी खोलीनिहाय यादी करा आणि फोटो काढा. गच्ची, अंगण, जिन्याखालची जागा विसरू नका; इन्व्हर्टर आणि सोलर बंब तिथेच असतात.

मग प्रत्येक वस्तूपुढे 'घराची' की 'माणसाची' ते लिहा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ८ नुसार वेगळं काही ठरलं नसेल तर घरासोबत कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी केलेल्या वस्तू जातात. बाकीच्यांसाठी दोन प्रश्न विचारा. काढली तर भिंत-फरशी फुटेल का? आणि ती घराच्या सोयीसाठी पक्की बसवली, की नुसती टेकवली? भिंतीत बांधलेलं कपाट, ओटा, गच्चीवर नळजोडणीसह बसवलेला सोलर बंब घराचे. खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला कूलर माणसाचा, मग तो दहा उन्हाळे तिथून हललेला नसला तरी. जुन्या कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) घरातली बंगई, म्हणजे झोपाळा घ्या: सरात, म्हणजे छताच्या तुळईत ठोकलेल्या कड्या घराच्या, साखळ्या आणि सागवानी पाट काढून नेता येतात. खरी भांडणं बोअरच्या मोटरीवरून होतात. माझ्या मते ती घराचीच धरावी, पण ताब्याच्या दिवशी "मोटर आमनी शे भाऊ" (मोटर आमची आहे) ऐकायचं नसेल तर करारात तिचं नाव घाला.

सामानाची किंमत बिलावरून लावू नका. आज जुन्या बाजारात काय येईल तेवढीच धरा. साडेचार लाखांच्या फर्निचरचे विकताना सव्वा लाख आले तरी पुष्कळ. मालकाला हे पटत नाही, तो बिलाची फाईल काढतो. फाईल बघा, आकडा मात्र तोच ठेवा. पक्क्या बसवलेल्या कामाचंही तसंच: खर्च किती झाला यापेक्षा त्या भागातला खरेदीदार त्यासाठी किती जास्त देतो हे बघा.

आता तुलना. समजा त्याच इमारतीतला तेवढाच फ्लॅट ४२ लाखांना सामानासकट गेला आणि त्या सामानाची बाजारातली किंमत दीड लाख होती. तर तुमच्या हिशेबात तो साडेचाळीस लाखांचा. हे न करता थेट ४२ धरले की तुमच्या रिकाम्या फ्लॅटच्या दरात शेजाऱ्याचा सोफा शिरतो.

बँकेचा व्हॅल्युअरही सुटं सामान मोजत नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात. सोफ्याचे पैसे खिशातूनच काढून ठेवा.

सामानाची यादी किमतीसह वेगळ्या कागदावर करून दोघांच्या सह्या घ्या. मुद्रांक शुल्क वाचवायला सामानाची किंमत फुगवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं, आणि खरी किंमत लपवणं हा गुन्हा आहे.

ताबा घेताना यादी हातात ठेवून मोटर आणि बंब चालू करून बघा, मगच शेवटचा चेक द्या.